‘घ’ बाटलीचा आकडा

विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मला बोलावतात, त्याला आता अकरा वर्षं झाली. निवृत्त माणसाला लोक दोनच कामांना बोलावतात, उद्घाटनाला नाहीतर परीक्षणाला. आणि माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे उद्घाटनाला मला कोणी बोलावत नाही. एकतीस वर्षं मी डेअरीच्या तपासणीच्या खोलीत काढली. दुधाचे कॅन यायचे, मी त्यांत लॅक्टोमीटर सोडायची, ती काचेची नळी डुलत डुलत थांबली की तिच्यावरचा आकडा वाचायची. त्या आकड्याला सगळे डिग्री म्हणतात, म्हणून मी डिग्रीबाई. खरं नाव दारावर लावलंय ते फक्त पोस्टमनसाठी.

मला मुलांचं कौतुक पटकन वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्वालामुखीतून लाल फेस काढणारी पोरं दरवर्षी निदान चार तरी असतात, आणि ते ज्वालामुखी त्यांच्या आयांनी केलेले असतात, हे रंगकामावरूनच कळतं. त्यामुळे प्रदर्शन सुरू व्हायच्या आधी मी सगळ्या मुलांना सभागृहात उभं करून पाच मिनिटं बोलते. त्या दिवशीही बोलले. म्हटलं, आकडा जसा आला तसा लिहायचा. आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. ज्याने बदलला असेल त्याने आत्ताच दप्तर उचलून घरी जावं. कोणी गेलं नाही, पण दोघातिघांचे कान लाल झाले, तेवढे मी लक्षात ठेवले.

“बाई, तुम्ही चौदा नंबरचं टेबल आधी बघा,” विज्ञानाचे सर माझ्या मागे लागले. सर तरुण, खिशाला तीन पेनं, आणि उत्साह एवढा की चालताना सुद्धा ते अर्धवट धावतात. “तुमच्याच खात्यातलं आहे. दुधाची घनता. आणि असं काही सापडलंय ना, की चार वाजता पालक येतील तेव्हा खळबळ उडणार!”

खळबळ उडवायची तयारी सरांनी आधीच केली होती. चौदा नंबरच्या टेबलावर लाल कागद डकवला होता आणि त्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: ‘सावधान! भेसळ उघडकीस!’

कागदाच्या खाली एक मुलगी तराजू पुसत उभी होती. आठवीतली असेल. अंगाने काडी, दोन घट्ट वेण्या, आणि हात एक क्षण रिकामे नाहीत. वर्गात तिला मुंगी म्हणतात, असं सरांनीच सांगितलं, आणि ते ऐकून तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

टेबलावर पाच बाटल्या होत्या. क, ख, ग, घ आणि च. क म्हणजे साय पूर्ण काढलेलं दूध, ख अर्धी साय ठेवलेलं, ग पूर्ण साईचं. ही तिन्ही दुकानातल्या पिशव्यांमधली. घ म्हणजे घरोघरी घालतात ते सुटं दूध. आणि च म्हणजे ग मधल्या दुधाचे तीन पेले आणि नळाच्या पाण्याचा एक, तिने मुद्दाम मिसळलेला. लांब मानेच्या काचेच्या फ्लास्कमध्ये मानेवरच्या रेघेपर्यंत बरोबर शंभर मिली दूध भरायचं आणि त्याचं वजन करायचं. साधी पद्धत, पण सरळ.

“यातलं सगळ्यात जड कुठलं?” मी विचारलं.

“क.”

“साय काढलेलं? ते तर पाण्यासारखं दिसतंय.”

“दिसतं, आजी. पण साय वर तरंगते, म्हणजे साय हलकी. हलकं काढून घेतलं की उरलेलं जड होणारच.”

“मी तिला आधी म्हटलं होतं, तुझे आकडे उलटे आलेत म्हणून,” सर प्रामाणिकपणे म्हणाले. “दाट ते जड, असं आपल्याला वाटतं ना. तिने मला सात वेळा करून दाखवलं. शेवटी मीच हरलो.”

मला ती पोरगी तिथेच आवडली. डेअरीत वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसांना मी दाट ते जड म्हणताना ऐकलंय, आणि इथे तेराचौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या सरांना गप्प करून बसली होती. पहिल्या रकान्यात मी दहापैकी दहा दिले. असे मी दिलेले दहा बोटांवर मोजण्यासारखे आहेत.

“आता घ सांग.”

तिने तक्त्यावर बोट ठेवलं. क १०३.७ ग्रॅम. ख १०३.५. ग १०३.३. आणि मग एकदम खाली उडी: घ १०२.४. शेवटी च, तोसुद्धा १०२.४.

“घ आणि च यांचा आकडा एकच आहे,” ती म्हणाली. “म्हणून घ मध्ये चार पेल्यांमागे एक पेला पाणी आहे.”

एसटीडी बूथवर कोणी नंबर वाचून दाखवावा तसं तिने हे सांगितलं. पण तोपर्यंत ती माझ्याकडे बघून बोलत होती, आणि आता ती बाटलीच्या झाकणाकडे बघत होती.

“किती वेळा मोजलंस?”

“पाच दिवस. रोज सकाळी. चार दिवस १०२.४, एक दिवस १०२.३.”

“बघितलंत?” सर म्हणाले. “पाच दिवस! एकदा चूक होईल, पाच वेळा कशी होईल?” आणि तेवढ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी हाक मारली म्हणून ते अर्धवट धावत गेले.

“आणि हे घ तू आणतेस कुठून?”

“दूध घालणाऱ्यांकडून. रोज ताजं आणते, आजी. शिळं नाही. धारोष्ण.”

मी पेन खाली ठेवलं. धारोष्ण! हल्लीच्या मुलांना दूध फ्रिजमधून निघतं एवढंच माहीत असतं. धार काढल्या काढल्या भांड्यात ऊन ऊन येतं त्या दुधाला काही नाव असतं, हे ज्यांच्या घरामागे गोठा आहे त्यांच्याच तोंडी येतं. मग मी तिच्या हातांकडे नीट बघितलं. मघाशी बाटलीतून दूध ओतून झाल्यावर तिने मनगटाला एक हलका पीळ दिला होता आणि शेवटचा थेंब बाटलीच्या तोंडावरून परत आत गेला होता. हे शाळेत शिकवत नाहीत. जे दूध विकतात त्यांच्या हाताला हे वळण असतं, आणि ते लहानपणी बघून बघून लागतं.

“ते दूध घालणारे तुझे कोण?” मी आवाज खाली आणून विचारलं.

ती तराजू पुसायला लागली. तो आधीच लख्ख होता.

“बाबा,” ती म्हणाली.

“सरांना माहीत आहे?”

“नाही. त्यांनी विचारलं नाही.”

“आणि बाबांना?”

“ते चार वाजता येतील. शाळेच्या वसतिगृहाला आमचंच दूध असतं. ते देता देता वर प्रदर्शन बघायला येणार आहेत.”

“म्हणजे हा लाल कागद सगळ्या पालकांसमोर वाचणार.”

“हो.”

“आणि कोणी विचारलं, की घ कोणाचं दूध, तर?”

“खरं सांगणार,” मुंगी म्हणाली, आणि तिची हनुवटी वर गेली. “आकडा जो आला तो आला.”

एकीकडे वाटलं, या पोरीच्या पाठीवर शाबासकी द्यावी. दुसरीकडे वाटलं, त्याच पाठीत एक धपाटा घालावा. पाच दिवस ही मुलगी एकटीच बापाला चोर समजत घरात वावरत होती, आणि आज दुपारी सगळ्या गावासमोर त्याला तसं म्हणायला तयार उभी होती. खोटं बोलायचं नाही एवढ्यासाठी. आणि तो माणूस खरंच पाणी घालत होता की नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिला फक्त आकडा माहीत होता. सुतावरून स्वर्ग गाठतात तसा तिने आकड्यावरून नरक गाठला होता.

“एक सांग,” मी म्हटलं. “बाबा धार कधी काढतात?”

“सहाला.”

“आणि तू मोजतेस कधी?”

“साडेसहाला. सरांनी प्रयोगशाळेची किल्ली दिलीये. मी बाटली घेऊन सायकलवरून थेट इथे येते. वाटेत कुठे थांबत नाही.”

“आणि बाकीची दुधं?”

“ती आदल्या दिवशी आणून इथल्या फ्रिजमध्ये ठेवते.”

मी स्टूल ओढून बसले. चूक माझ्या डोळ्यांसमोर होती, चांगली हातभर लांब, त्या लाल कागदाएवढी. आणि ती चूक दुसऱ्या कुठल्याही मुलीने केली नसती. दुसरीने दूध आणून फ्रिजमध्ये टाकलं असतं, मग दुपारी सवडीने मोजलं असतं. ही गवळ्याची पोर. बापाचं दूध शिळं म्हणून मोजलं जाऊ नये, त्याला पहिल्या प्रतीचा मान मिळावा, म्हणून ही सायकल हाणत ते ऊनच घेऊन आली होती. बापाच्या अभिमानापायी बापालाच गोत्यात आणलं होतं तिने.

“मुंगे, ऊन दूध फुगतं,” मी म्हटलं. “कुठलीही वस्तू तापली की फुगते, हे तुला पाठ असेल. फुगलं की त्याच शंभर मिलीत माल कमी मावतो. माल कमी, वजन कमी. त्यात सायकलवर हिंदकळून त्याला फेस येतो, बारीक हवा त्यात अडकते. तो फेस या लांब मानेत रेघेपर्यंत चढतो आणि तुला वाटतं दूध रेघेपर्यंत आलं. तू तीन दुधं गारठलेली घेतलीस आणि चौथं अंगाच्या उबेचं. ही शर्यतच बरोबर लावलेली नाही.”

ती ऐकत होती. भुवया जवळ आल्या होत्या.

“पण पाच वेळा तेच आलं.”

“येणारच. तू पाच वेळा तीच चूक केलीस. चूक सुद्धा नेमाने केली की नेमाने फळ देते.”

“मग मी काय करू?”

“आज सकाळची घ ची बाटली कुठे आहे?”

“मोजून झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवली होती. मघाशीच टेबलावर मांडली.”

“झालं तर. ती निवलीये, तिचा फेस बसलाय. पाचही बाटल्या एकाच तापमानाला आण आणि परत मोज.”

“नाही,” मुंगी म्हणाली.

“नाही?”

“सकाळी तुम्हीच म्हणालात. आवडला नाही म्हणून आकडा बदलायचा नाही. हा आकडा तुम्हाला आवडला नाही. तुम्हाला माझी दया आली म्हणून तुम्ही असं म्हणताय.”

घ्या! माझाच दगड माझ्याच कपाळात. एकतीस वर्षांत मला इतकं नेमकं कोणी सुनावलं नव्हतं, आणि डेअरीचे तीन मॅनेजर ते करून बघून गेले होते. मला राग यायला हवा होता, आलाही, पण बरोबरीने हसूही आलं. मग मी तिला जे सांगितलं ते मी सहसा कोणाला सांगत नाही.

मी डेअरीत लागले ते पहिलंच वर्ष. नव्या नोकरीची रग होती, आणि लॅक्टोमीटर हातात आला की मला न्यायाधीश झाल्यासारखं वाटायचं. एक दिवस एक म्हातारबाबा कॅन घेऊन आले. त्यांचं घर डेअरीला अगदी लागून. धार काढली, कॅन उचलला, दारात हजर. मी नळी सोडली, ती खोल बुडाली. डिग्री कमी. मी रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हटलं, “बाबा, पाणी जरा जास्त झालं आज.” त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, कॅन उचलला, दाराबाहेर नेला आणि सगळं दूध गटारात ओतलं. वीस लिटर. परत कधी आले नाहीत. चार महिन्यांनी आमच्या जुन्या केमिस्टनी मला ऊन दुधात नळी सोडताना पकडलं आणि माझा कान धरावा तसं समजावलं, तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेले. त्यांनी जनावरं विकून टाकली होती आणि ते लेकीकडे राहायला गेले होते.

“मला तुझी दया आलेली नाही,” मी मुंगीला म्हटलं. “मला ते गटार आठवलं.”

मग तिने विचारलं, “परत मोजल्यावर तोच आकडा आला तर?”

“तर हा लाल कागद इथेच राहील. आणि तुझ्या बाबांना तू नाही, मी सांगेन. तोंडावर. त्या कामाची मला सवय आहे.”

“मग तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. मीच मोजणार.”

“मी हात मागे बांधून उभी राहते.”

आणि खरंच तशी उभी राहिले. मुंगीने तळघरातून एक मोठं घमेलं आणलं, त्यात पाणी भरलं, पाचही बाटल्या त्यात मानेपर्यंत बुडवल्या. थर्मामीटर तिच्याकडे होता, पेटीत, कापसात गुंडाळलेला, कोरा करकरीत. तो बाहेर काढताना ती माझ्याकडे बघून ओशाळली. पाण्यात थोडा बर्फ, थोडं कोमट पाणी, परत थोडा बर्फ, असं करत करत तिने पाचही दुधं वीस अंशावर आणली. तास गेला. तेवढ्यात मी बाकीची टेबलं बघून आले, तीन ज्वालामुखी आणि एक बऱ्यापैकी लिफ्ट. लिफ्ट ज्या मुलाने केली होती त्याच्या बोटांना चिकटपट्टीचे व्रण होते, म्हणजे काम त्याचंच.

परत आले तर सर टेबलापाशी चुळबुळत उभे.

“बाई, हे काय चाललंय? अडीच वाजले. चारला पालक येतील. सगळं मांडलेलं टेबल हिने मोडून ठेवलंय!”

“सर, तुमच्या विद्यार्थिनीला शंका आलीये. शंका आली की टेबल मोडायचंच असतं.”

सरांना ते वाक्य आवडलं. ते तिथेच थांबले.

मुंगीने क पासून सुरुवात केली. फ्लास्कच्या भिंतीला लावून, धार मोडू न देता, एक बुडबुडा न उठवता ओतलं. १०३.५. ख, १०३.२. ग, १०३.०. गारठा गेला तसे तिन्ही आकडे थोडे थोडे खाली आले, पण क्रम तोच. मग तिने घ उचलण्याऐवजी च उचलली. मला कळलं ती का टाळतेय. च, १०२.२.

आता एकच उरली. तिने बाटली हलक्या हाताने उलटसुलट केली, वर आलेली साय सगळीकडे सारखी मिसळली. मग तिने एकदा हात फ्रॉकला पुसले आणि मनात पाचपर्यंत मोजलं.

त्या क्षणी मला काय वाटत होतं, तेही सांगते. हिशोब माझा पक्का होता. उबेने एवढं, फेसाने एवढं, म्हणजे आकडा वर यायलाच हवा, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण माझा विश्वास होता दुधावर. त्या माणसाला मी ओळखत नव्हते. ऊन असूनही त्यात पाणी घातलेलं असू शकतं. ऊन दूध आणि लबाड माणूस एकाच घरात नांदू शकतात. तरीही मी पैज लावली असती. ज्याच्या हाताखाली पोरीला शेवटचा थेंब वाया न घालवायचं वळण लागलं, तो नळ सोडून दूध वाढवत असेल, हे मला पटत नव्हतं.

तिने फ्लास्क तराजूवर ठेवला. आकडे पळाले, थांबले.

१०३.१.

तिने फ्लास्क रिकामा केला, धुतला, कोरडा केला, परत भरला. १०३.१. परत धुतला. परत भरला. १०३.१.

“दुकानातल्या पूर्ण साईच्या दुधापेक्षा कणभर जास्तच आहे,” सर म्हणाले. “मग सकाळी...” आणि त्यांचा चेहरा त्या लाल कागदाकडे वळला. “अरे देवा. हे आपण लावलं असतं की.”

“लावलेलंच आहे,” मी म्हटलं.

सरांनी तो कागद स्वतःच्या हाताने काढला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. मी त्या माणसाबद्दल सकाळपासून जे जे वाकडं बोलले होते त्यातलं निम्मं मागे घेतलं. आणि मग मुंगीने त्यांना सांगितलं, की घ हे तिच्या बाबांचं दूध आहे. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे तोंड करून उगाचच पडदे सारखे करायला लागले.

“जुने आकडे खोडू का?” मुंगीने मला विचारलं.

“तुला काय वाटतं?”

तिने खोडले नाहीत. शेजारी नवा रकाना आखला, वीस अंशाचा. आणि खाली, जिथे निष्कर्ष होता, तिथे एक रेघ मारून स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘पहिली मोजणी चुकीची. घ दूध गरम होतं व त्यात फेस होता. तापमान पाहिलं नाही ही माझी चूक. घ मध्ये पाणी असल्याचा कोणताही पुरावा नाही.’

“नुसत्या घनतेवरून दूध चांगलं की वाईट, ते ठरतं का?” मी परीक्षकाचा शेवटचा प्रश्न विचारला.

“नाही. साय जास्त असली तरी हलकं होतं, पाणी घातलं तरी हलकं होतं, गरम असलं तरी हलकं होतं. आकडा एकच, कारणं तीन. त्यासाठी सायही वेगळी मोजायला हवी.”

“हे तुला सकाळी माहीत होतं?”

“नाही.”

मी गुणपत्रिका भरली. मोजणीला दहा. मांडणीला नऊ. तापमानाला शून्य, कारण पाच दिवस थर्मामीटर कापसात झोपला होता आणि त्याला माझ्याकडे माफी नाही. बेरीज केली तेव्हा पहिला नंबर लिफ्टवाल्याला गेला, हिला दुसरा. सर हळहळले. मुंगीने पत्रिका वाचली आणि म्हणाली, “बरोबर आहे.” माझ्या अकरा वर्षांत दुसरा नंबर मिळाल्यावर हे दोन शब्द म्हणणारी ती एकटीच.

चार वाजता पालक आले. पोरं आपापल्या टेबलामागे ताठ उभी राहिली, ज्वालामुखी फुसफुसायला लागले. मुंगीचे बाबा सगळ्यांच्या मागून आले. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस असावा असं वाटलं. बाह्या ओल्या, हातात एक लहान कॅन; खाली एकटा ठेवायला नको म्हणून वर घेऊन आले असतील. मुलीच्या टेबलापाशी येऊन त्यांनी कॅन खाली ठेवला आणि तक्ता वाचायला लागले. रकान्यावर बोट ठेवून, सावकाश, एकेक आकडा. जुना रकाना वाचला. नवा वाचला. खालचा निष्कर्ष वाचला, आणि तो दोनदा वाचला.

मी बाजूला सरकले, पण ऐकू येणार नाही इतकी सरकले नाही. इतका मोठेपणा माझ्यात नाही.

“बाबा,” मुंगी म्हणाली. हळू बोल, असं मला तिला सांगावंसं वाटलं, पण ती हळू बोललीच नाही. “पाच दिवस मला वाटत होतं तुम्ही दुधात पाणी घालता.”

शेजारच्या टेबलावरच्या दोन आया वळून बघायला लागल्या.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कसं?”

“पाच दिवस तू घरचं दूध प्यायली नाहीस. आईला म्हणालीस पोट दुखतंय. पोट दुखणारी पोर सायकल अशी हाणते होय?”

इतका वेळ मुंगी ताठ उभी होती, आता तिचे खांदे खाली आले.

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत? एकदा तरी म्हणायचं ना, की मी पाणी घालत नाही!”

त्यांनी कॅनच्या कडीवरून अंगठा फिरवला.

“म्हणून काय झालं असतं? मी घालत नाही, असं घालणारा सुद्धा म्हणतो,” ते म्हणाले. “तू मोजत होतीस. म्हटलं, मोजू दे.”

“पण रोज सकाळी बाटली तर तुम्हीच भरून देत होता!”

“हो मग. काठोकाठ भरून देत होतो. तुला कमी पडायला नको.”

मुंगी रडली. पाच दिवसांचं सगळं एकदम, नाक लाल करून, सगळ्या शाळेसमोर, त्या ओल्या बाहीत तोंड खुपसून. त्यांनी तिला रडू दिलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते कोणापासून लपवलं नाही. मोठ्या बाई लगबगीने आल्या, काय झालं म्हणून विचारायला. मी त्यांना सांगितलं, काही नाही, दुसरा नंबर आलाय.

“चल,” थोड्या वेळाने बाबा म्हणाले. “वसतिगृहाचं दूध खोळंबलंय.”

मुंगीने फ्रॉकच्या टोकाने नाक पुसलं, कॅनची एक बाजू धरली, आणि दोघं जिना उतरायला लागले.